सरदार जालिमसिंगाचे दोन दात

तीर्थरूप भाऊजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, देवाजीचा, दंडवत.

आम्ही इकडे धानोऱ्याकडे ठीक. गोंडपिपरीची खबरबात, धुरपताबाईचे गुडघे, धानाची कापणी आणि तुमचे दात (विशेषतः दात) कसे आहेत ते कळवावे. फोनच केला असता, पण परवा केला तेव्हा माझ्या तोंडातून नुसती हवा गेली आणि सख्ख्या बहिणीने, धुरपताबाईने, "कोण गेलं वं माय?" म्हणून रडायलाच सुरुवात केली. म्हणून हे पत्र.

माझे वरचे पुढचे दोन दात गेले. बैलाच्या कासऱ्याची गाठ हाताने सुटेना म्हणून दातांत धरली. (आपल्याकडे कोण धरत नाही?) तेवढ्यात बैलाला गोमाशी चावली, त्याने मान झटकली. गाठ सुटली आणि दातही सुटले. शकुबाई, माझी बायको असून, आधी बैलाला काही लागलं का ते बघून आली, मग माझ्याकडे वळली.

गडचिरोलीच्या दातांच्या डॉक्टरणीने दोन रस्ते दाखवले. एक ब्रिज. म्हणजे खिंडाराच्या दोन्ही बाजूंचे धडधाकट दात तासायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या आणि मधले नकली दात त्यांच्या आधाराने बसवायचे. (गाठ सोडायला गेले कोण, तासायचं कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी.) दुसरा इम्प्लांट. जबड्याच्या हाडात स्क्रू पिळायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत महिनोन् महिने थांबायचं, मग वर दात. शेजाऱ्यांना त्रास नाही. पण खर्रा बंद, कारण तंबाखू खाणाऱ्याच्या हाडात स्क्रू नीट धरत नाही म्हणे. हे ऐकल्यापासून शकुबाई इम्प्लांटच्या बाजूने. "स्क्रूच बसवा. जलमभर मी सांगून राह्यली, माहं ऐकलं नाई, त्याचं तरी ऐकान!" अर्थातच मी ब्रिजच्या बाजूने.

पण काहीही करायचं तर आधी जखम भरायला हवी, आणि तोवर मंडईची जत्रा निघून जाते. मधल्या काळात काढता-घालता येणारी प्लेट देते, असं डॉक्टरीण म्हणाली. मी भर दवाखान्यात म्हणालो, "काढाघालाले ते काय चप्पल हाये?" लोक हसले. मी ऐटीत घरी आलो.

आता खरी गोष्ट. भाऊबीजेनंतर आमच्या गावची मंडई, त्या रात्री नाटक, आणि नाटकातला जुलमी सरदार जालिमसिंग दरवर्षी मीच, हे तुम्ही जाणताच. पाहुणे एक वेळ जेवण सोडतील, पण जालिमसिंगाचं हसणं सोडत नाहीत. परवा तालमीत तेच हसलो, तर पेटीवाला पाणी घेऊन धावत आला. मग "तुझ्या सात पिढ्या संपवीन!" म्हणून गरजलो, तर समोर उभ्या असलेल्या प्रधानाने, म्हणजे लालसूने, दुपट्ट्याने तोंड पुसलं. तालीम घेणारा डोमा म्हणाला, "देवाजीभाऊ, दात नाई आले तं जालिमसिंग लालसू करन. तुम्ही आजोबा करा. आजोबा पहिल्याच अंकात मरते."

भाऊजी, मला फार लागलं ते. वर्षभर बैलसुद्धा माझं ऐकत नाही. त्या एका रात्री अख्खं गाव मला घाबरतं. तिसऱ्या अंकात तलवारीने मरणारा माणूस मी, त्याने खोकून मरायचं?

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत विचारतो आहे. ब्रिज की इम्प्लांट?

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
देवाजी

ता. क. मत सावकाश दिलं तरी चालेल. चप्पल तर चप्पल, असं म्हणून काल प्लेट मागायला गेलो, तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टरीण दिवाळीला माहेरी गेली, ती मंडईनंतरच येणार.

ता. क. दुसरा. बोअरिंगच्या हापशाचा दांडा लागून तुमचेही नेमके हेच दोन दात गेलेले आहेत आणि तुमची प्लेट निघते. एका रात्रीसाठी द्याल का? मापाची काळजी नसावी. माझ्या लग्नात तुमचा फेटा मला बरोबर बसला होता. संध्याकाळी तुम्ही कोंबडा खाऊन घ्या, मग मी ती चढवीन. तलवारीने मेलो की लगेच कडुलिंबाच्या पाण्यात धुऊन परत.

ता. क. शेवटचा. होकार असेल तर फोनवर कळवा. नकार असेल तर मात्र जवळच्या नात्यात फोनवर नकार देणं बरं दिसत नाही. मंडईला स्वतः या आणि दात घालून स्पष्ट सांगा.