टालापासून नळापर्यंत

नागपूर, १९८१

लीले,

पाकिटावर लहानू लिहिलं तर तुह्या जिवाले लागन, लीला लिहिलं तर तुहा बाप फाडन. म्हणून हे पत्र ट्रंकेतच राहीन.

शाळेत तुहं नाव मुलांच्या पटावर होतं, पण तुले धावायचं होतं आम्हा पोरींत. खेळाच्या बाईनं विचारलं, "कोणाची हरकत आहे काय?" हात मीच वर केला. म्हटलं, "पोराच्या पायापुढं आमचा काय निभाव, बाई?" तू केसातली रिबीन सोडली अन् घरी गेली.

आज माह्या पोरीची शर्यत पाहून राहिली होती, तं आठवलं. लकडगंजात लाकडाच्या टालापासून नळापर्यंत आपण दोघी रोज धावत होतो. अन् रोज मीच जिंकत होती.

मंग त्या दिवशी मी भ्याली कशाले वं?

तुह्यापुढं धावणारी,
शेवंता