तानबाजींच्या कढीविषयी

हिंगणघाट,
२ फेब्रुवारी

प्रिय रीता,

तुझा फोन येऊन आज नऊ दिवस झाले. बाबांच्या वर्षश्राद्धाला गावजेवण ठेवले आहे, त्या दिवशी एक छोटी स्मरणिका काढायची आहे आणि तिच्यात माझा लेख हवा, असे तू म्हणालीस. फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून तू आणखी एक वाक्य बोललीस : "सर, ते कढीचं तेवढं नका लिहू." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच म्हणालो, की त्याची लाज अजून गेलेली नाही.

या नऊ दिवसांत मी लेखाचे चार मसुदे केले. चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला मुद्देसूद लिहिणे जड जात नाही. चारही मसुदे नीटनेटके झाले आणि चारही मी फाडले. आता त्यांच्या जागी हे पत्र लिहितो आहे. सवयीप्रमाणे सगळे क्रमाने सांगतो. मध्ये थांबू नकोस.

तुझ्या वडिलांची आणि माझी ओळख रोडग्यांवरून झाली. मी अल्लीपूरच्या शाळेत नवीन होतो. मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा लांबच लांब आर पेटला होता आणि तानबाजी त्याच्या कडेने कमरेवर हात ठेवून फिरत होते. आतल्या कणकेच्या पदरांना तूप लावलेले ते गोळे राखेत नेमके कधी उलटायचे, हे त्यांना कसे कळते, असे मी विचारले. ते म्हणाले, "वासानं." मला हे उत्तर पुरेसे वाटले नाही. उष्णता कणकेच्या आत किती वेगाने शिरते, पाण्याची वाफ कवच कसे फोडते, हे मी त्यांना तिथेच उभे राहून समजावू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमचं समजावनं होइस्तोवर माहे रोडगे कोयसा होऊन जातीन." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून आमची मैत्री.

तुला ठाऊक नसेल, पण त्यांच्या आचारीकामाची मी एक वहीच ठेवली होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय ते पदार्थ चाखत नसत. मग पाचशे पानांच्या वांग्याच्या भाजीत मीठ बरोबर पडते कसे, हा माझा प्रश्न होता. एकदा मी त्यांच्याकडून मिठाच्या दहा मुठी दहा पुड्यांत बांधून घेतल्या आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलल्या. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या मुठीत तीन ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता. मी तो कागद त्यांना दाखवायला घरी गेलो, तेव्हा प्रमिलाबाई, म्हणजे तुझी आई, म्हणाली, "हे पाहाले तराजू काऊन लागते जी? पंचवीस वर्सं झाले, आमी जेवूनच राह्यलो ना." वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगत असे. मोजमापाची अचूकता शिकवताना तुझ्या वडिलांच्या मुठीइतके चांगले उदाहरण मला मिळाले नाही.

आता कढीकडे येतो.

पंधरा वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयाचा रौप्यमहोत्सव झाला. तू तेव्हा डी.एड.साठी वर्ध्याला होतीस. मी स्वागत समितीचा अध्यक्ष होतो. सहाशे माणसांचे जेवण तानबाजींकडे होते. आदल्या दिवशी त्यांची भांडी देवळाच्या आवारात येऊन पडली आणि ते वांगी आणायला हिंगणघाटच्या बाजारात गेले. मी भांडी पाहिली. पितळी गंजांच्या, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यांच्या, आतल्या बाजू काळपट दिसत होत्या. पाहुणे बाहेरून येणार, फोटो निघणार, आणि भांडी ही अशी. मी स्वयंसेवकांना जमवून स्वच्छतेवर दहा मिनिटे बोललो. तारेच्या घासण्या मी स्वतःच आणल्या होत्या. विटेची भुकटी, चिंच आणि त्या घासण्या घेऊन वीस जणांनी ते गंज आतून-बाहेरून दोन तास घासले. संध्याकाळपर्यंत ते सोन्यासारखे झाले. मला फार समाधान वाटले.

तो काळपटपणा मळ नव्हता, रीता. ती कल्हई होती. लग्नसराईच्या आधी तानबाजी दरवर्षी सगळी पितळी भांडी कल्हई करून घेत. वापराने कथील काळवंडते, पण आपले काम चोख करते. पितळेतले तांबे आणि आंबट अन्न यांच्यामध्ये ते पडद्यासारखे उभे असते. पितळी भांड्याला कल्हई का करतात, हा धडा मी आठवीच्या वर्गाला तीसेक वेळा शिकवला असेन. फळ्यावर मी भांड्याचा छेद काढून दाखवत असे, कथिलाचा थर पांढऱ्या खडूने आणि पितळ पिवळ्या खडूने. तू स्वतः तो वहीत उतरवून घेतला आहेस. आणि समोर खरे भांडे आले तेव्हा मला ते ओळखता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तानबाजींनी गंजात हात फिरवला. मग माझ्याकडे न पाहता सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पिवळ्या गंजात भात शिजवा, पाणी भरा. आंबट टाकाचं नाई." कढी त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात केली. सगळे सिद्ध झाल्यावर ते नेहमीप्रमाणे नैवेद्यासाठी आंघोळ करायला घरी गेले. अर्ध्या तासाचे काम. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या भातासाठी मोठे पातेले हवे, असे कोणीतरी मला येऊन विचारले. मी पाहिले, तर दोन लखलखीत पितळी गंज रिकामे होते. भाताला ते लहान पडले असते, म्हणून मी म्हणालो, कढी त्यात ओता आणि तिचे पातेले भाताला घ्या. त्यांचे शब्द मी ऐकले होते. ती आचाऱ्याची एक समजूत असेल, असे मला वाटले. खरे तर एवढेही वाटले नाही. मला माझ्या भाषणाची घाई होती.

ते भाषण मी पाऊण तास केले. माझ्यानंतर पाहुणे बोलले, मग सत्कार झाले. दोन तासांहून अधिक वेळ गरम, आंबट कढी उघड्या पितळेत उभी राहिली. तांबे उतरले की अन्नाला हिरवट झाक येते, पण हळदीच्या रंगात ती दिसली नाही. तानबाजी आंघोळ करून आले, पण नैवेद्यासाठी भाषणे संपेपर्यंत देवळातच थांबले; ते चुलीपाशी परतले तेव्हा वाढप्यांनी बादल्या भरून घेतल्या होत्या, आणि कढी कशातून काढली ते त्यांना दिसले नाही. पहिल्या पंगतीतल्या काही जणांनी कढी कसट, धातूसारखी लागते म्हणून बाजूला सारली. बाकीच्यांनी ती आग्रहाने वाढून घेतली, कारण ती तानबाजींची कढी होती. अर्ध्या तासात देवळाच्या पायऱ्यांवर माणसे ओकू लागली. त्रेचाळीस जण दवाखान्यात गेले. देवाच्या कृपेने सगळे दुसऱ्या दिवशी घरी परतले.

त्या दुसऱ्या दिवशी चावडीत बैठक बसली. लोक चिडलेले होते. कोणी म्हणे दही खराब होते, कोणी म्हणे कोणी काही टाकले. गावातले वडीलधारे अण्णाजी मला म्हणाले, "सर, तुमी शिकलेले हा. तुमीच सांगा काय झालं ते." मी उभा राहिलो आणि समजावून सांगितले. कल्हई म्हणजे काय, ती निघाल्यावर आंबट पदार्थात तांबे कसे उतरते, त्याने किती वेळात उलट्या होतात, आणि दही किंवा तेल यांचा दोष असता तर लक्षणे वेगळी कशी दिसली असती. मी फार चांगले बोललो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितले. माझ्या बोलण्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मी फक्त कल्हई "निघालेली होती" असे म्हणालो. ती कोणी काढली ते सांगितले नाही. कढी पितळी गंजात "होती" असे म्हणालो. ती कोणी ओतवली ते सांगितले नाही. भांडी घासणारे वीस जण तिथेच बसले होते, पण आपल्या हातून काय झाले हे त्यांना कळलेच नव्हते, आणि ते त्यांना सांगू शकणारा माणूस मी होतो.

अण्णाजींनी विचारले, भांडी कोणाची? तानबाजी खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वाट पाहत होतो की ते आता बोलतील. ते म्हणाले, "सरांनी सांगतलं ते बराबर हाय. भांडे माहे होते."

त्यानंतरचे तू पाहिलेस. गावात त्यांना कोणी बोलावेना. सहाशे पाने उठवणारा माणूस हायवेवरच्या एका ढाब्यावर चहा आणि पोहे करू लागला. तुझ्या लग्नाला आचारी नागपूरहून आणला, कारण तुझ्या सासरच्यांना धाकधूक होती. त्या मांडवात तानबाजी पाहुण्यासारखे खुर्चीवर बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो. आठ-नऊ वर्षांनी लोक विसरले, पुन्हा बोलावू लागले, पुन्हा त्यांच्या भाजीचे कौतुक झाले. पण ते गेले तेव्हा शोकसभेत प्रत्येक जण म्हणाला, "ती एक चूक सोडली, तर तानबासारखा आचारी नाही." मी शेवटी बोललो. मी ते वाक्य उच्चारले नाही, आणि एवढ्यावरच घरी येताना मला स्वतःविषयी बरे वाटत होते.

त्यांच्याशी या विषयावर मी एकदाच बोललो, मी इथे राहायला आल्यावर, हिंगणघाटच्या बसस्टँडवर, ढाब्याच्या दिवसांत. बैठकीत तुम्ही का बोलला नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, "आचारी चूल सोडून गेलता ना सर. चूल सोडून गेलं का मंग जे होते ते आचाऱ्याचंच." मी हे उत्तर मोठ्या आनंदाने घरी नेले. त्यांनीच दोष स्वीकारला आहे, असे मी तेव्हापासून स्वतःला समजावत आलो. समजावणे मला येते.

परवा चौथा मसुदा फाडल्यावर मी अल्लीपूरला तुझ्या आईकडे गेलो आणि तिला सगळे सांगितले. तिने शेंगा सोलणे थांबवले नाही. म्हणाली, "मले त्याच दिवशी मालूम झालतं. हे म्हनत, बोलू नोको, सर येतीन सांगाले. मंग आमी वाट पाहून राह्यलो." मी विचारले, किती दिवस? तिने मान वर केली आणि म्हणाली, "मांगच्या वर्सापावतर." मग म्हणाली, "रीतीले मी नाई सांगत. तुमीच लिवा."

म्हणून हे पत्र. तू बापाची चूक झाकायला मला सांगितलेस आणि झाकण्यासारखी त्यांची चूक नव्हती, हे तुला आधी कळले पाहिजे. स्मरणिकेत माझ्या लेखाच्या जागी हेच छाप, एक ओळही कमी न करता, खाली माझे पूर्ण नाव घालून. वर्षश्राद्धाच्या दिवशी अल्लीपूरला येऊन मी ते देवळात उभा राहून वाचीन. नंतर तिथे जेवायला बसायचे की नाही, ते तू ठरव. तू नको म्हणालीस तर पहिल्याच बसने परत येईन आणि त्याचे वाईट वाटून घेणार नाही. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते वर्षभरापूर्वीपर्यंत माझी वाट पाहत होते, आणि माझ्या घरापासून त्यांचे घर तासाभराच्या अंतरावर होते.

तुझाच,
वासुदेव सर