उजव्या बाहीचा डाग

तीर्थरूप ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष वाकले नाही, कंबर संपावर आहे, पण नमस्कार पुरा धरावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? तुमच्या लाँड्रीतलं नवं मशीन अजून शेजाऱ्यांच्या भिंती हलवतंय का? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमचे बंधुराज दिवसभर खिडकीत बसलेले असतात. सकाळच्या टेम्पोनं कपड्यांचं गाठोडं पाठवलंय, ते पोचलं असेल. फक्त एक करा, हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याची गाठ सोडू नका. (फोनच केला असता, पण घरात एकच फोन, आणि तो ह्यांच्या खिशात. आत्ता चक्कर मारायला गेलेत, म्हणून लिहायला बसले, संध्याकाळच्या टेम्पोनं धाडते.)

तर बाईसाहेब गेल्या. दचकू नका, दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात गेल्या, लांब, मोठ्या तळ्यावर. ज्या पाणघोडीची पाठ घासण्यात तुमच्या भावाची अख्खी नोकरी गेली, तिला निरोप देऊन आल्यापासून हे गप्प आहेत. जेवण पुढ्यात ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. 'बाईसाहेब' हे नावसुद्धा ह्यांनीच ठेवलेलं. मला मात्र इतक्या वर्षांत 'अगं'च्या पुढे बढती मिळाली नाही.

आमच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो ना तुम्हाला? हे कामावरून आले ते उजवी बाही कोपरापर्यंत लालेलाल. मी अशी किंचाळले की अख्खी चाळ दारात. खालचे कंपाउंडर कापूस आणि पट्टी घेऊन धावत आले, बाही वर सारून बघतात तर हातावर ओरखडासुद्धा नाही. आणि हे शांतपणे म्हणतात, "अगं, माझं नाही ते, बाईसाहेबांचं आहे." त्यावर तर शेजारीणबाई मटकन खालीच बसल्या. मग ह्यांनी सगळ्यांना उभं करून ऐकवलं की ते रक्त नाही. तिच्या कातडीतूनच झिरपतं. आधी पाण्यासारखं असतं, थोड्या वेळात लाल होतं, मग तपकिरी. त्यानं ऊन बाधत नाही, जखमा चिघळत नाहीत. गजांमधून हात घालून पाठ घासायची म्हणजे बाहीला लागणारच. मी रागानंच म्हटलं, तिची सोय तिच्या अंगातच झाली, भर दुपारी नळावर रांगेत उभं राहणाऱ्या माझं काय? हे दुसऱ्या दिवशी येताना छत्री घेऊन आले. अजून आहे ती, ताई. एक काडी मोडलीय, पण उघडते.

पण तो डाग! मी भिजवला, घासला, उकळला, आपटला. बाही विरली पण डाग जागचा हलला नाही. शेवटी हात टेकले आणि गाठोडं तुमच्याकडे धाडलं. तेव्हा लाँड्री म्हणजे दोन टब आणि तुमचे दोन हात. तुम्ही बाही उजेडात धरून म्हणालात, "वहिनी, हा डाग नाही, हा बिऱ्हाड थाटायला आलाय." तरी तुम्ही तो फिका करायच्यात आणि हे पुन्हा आणायचे. तेव्हापासून तपकिरी बाही दिसली की माझे हात आपोआप गाठोड्याकडे वळतात. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

आणि तुमच्या मुलीच्या लग्नातला तो फोटो! पाणघोडीला चालतं ते आपल्याला का चालू नये, असा विचार करून ह्यांनी कामावरून येतानाच टकलाला बाईसाहेबांचा लेप लावून आणला. भर उन्हात सगळे ओळीनं उभे राहिलो, तेवढ्यात फोटोग्राफर कॅमेरा खाली ठेवून म्हणाला, "काकांना कुठे लागलंय का?" मुलाकडची माणसं कुजबुजायला लागली. संध्याकाळपर्यंत डोकं भाजलेल्या वांग्यासारखं झालं. तुम्ही चार दिवस बोलत नव्हता ह्यांच्याशी. तरी फोटो दिवाणखान्यातच लावलात, हे मी विसरले नाही.

आमच्या लेकीनं तर पुढे माशांवरच शिक्षण घेतलं, हा दोष कुणाचा ते सांगायला नको. तिनं एकदा सांगितलं की पुष्कळ मासेही असं औषध स्वतःच्या अंगात तयार करतात, पार बिनरंगाचं, आणि अंड्यांतही भरून ठेवतात. पिल्लू बाहेर यायच्या आधीच त्याच्या उन्हाची काळजी घेतलेली. मला ऐकून भरून आलं. हे मात्र हळहळले, "बिनरंगाचं? मग पाठ घासून घरी गेल्यावर कुणाला कळायचं कसं?"

असो. बाईसाहेबांना न्यायला गाडी आली, पण त्या पिंजऱ्यात पाऊल टाकेनात. तिथल्या लोकांनी, निवृत्त झाले तरी, ह्यांनाच बोलावलं. काय सांगू तो थाट! जुना खाकी शर्ट स्वतः इस्त्री केला, छाती काढून निघाले, कौतुक बघायला मीही मागोमाग गेले. गजांतून हात घालून ह्यांनी पाठ घासली. मग अशा काही गोड शब्दांत आळवणी केली की मला आपण परक्याच्या घरात शिरलो असं वाटलं. बाईसाहेबांनी भलीमोठी जांभई दिली, बस्स. शेवटी नव्या पोरसवदा रखवालदारानं पिंजऱ्यात कोबीचे गड्डे टाकले आणि बाईसाहेब चटकन आत. मागे वळूनही पाहिलं नाही. वाटेत हे एवढंच म्हणाले, "कोबी तिला पहिल्यापासून आवडायचा."

घरी येऊन शर्ट दारामागच्या खुंटीला अडकवला. बाही तोवर तपकिरी झाली होती. "धुऊ नकोस" एवढंच बोलले. मी म्हटलं, सुटले एकदाची! जन्मभराचा डाग गेला घरातून. खरंच सांगते ताई, मला फार हलकं वाटतंय.

भावजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची,
आता डागमुक्त झालेली भावजय

ता. क. : दुपारी पाहिलं तर खुंटी रिकामी. हात सवयीनं चालले, मीच गाठोड्यात कोंबला असणार. तो शर्ट पाण्याला लावू नका, जसाच्या तसा परत धाडा. ह्यांना कळलं तर माझी धडगत नाही; रागावणार नाहीत, त्याचीच भीती वाटते.

ता. ता. क. : आधीच भिजवला असलात तर बाही कोपरापर्यंत कडक चहात बुडवून वाळवा. मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.

ता. ता. ता. क. : हे आत्ता आले. रिकाम्या खुंटीकडे बघितलं आणि मी रडायच्या आत म्हणाले, "अगं, मीच टाकला गाठोड्यात. ताईला धुऊ दे. किती दिवस टांगून ठेवायचा?" आणि कितीतरी दिवसांनी चहा मागितला. तेव्हा चहाचा उपाय रद्द.

पण ताई, धुऊ नका. हरवला म्हणून सांगा त्यांना, आणि कागदात गुंडाळून माझ्या नावानं पाठवा. कपाटात छत्रीशेजारी जागा केलीय मी.