चौघांचा पास

मॅसॅच्युसेट्स, फेब्रुवारी

आई,

इथलं ग्रंथालय संग्रहालयाचे पास फुकट वापरायला देतं. तो उचलायला गेले, तर त्यावर आणखी एक हात पडला. शनिवारचा तो शेवटचाच पास होता.

"आधी मी आले," समोरच्या घरातली ती बाई म्हणाली.

"हात माझा आधी पडला."

ग्रंथपाल विन्स्लोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भांडा खुशाल, पण हळू आवाजात. पास चौघांचा आहे, बायांनो!"

मग शनिवारी संग्रहालयात चौघं मिळून गेलो: ती, तिचा मुलगा, मी आणि तुझी नात टेसा. देवमाशाच्या सांगाड्याखाली टेसा, या गावात आल्यापासून पहिल्यांदा, खिदळली.

"तिथं तुझं कोण आहे?" असं तू विचारतेस. तिचं नाव मॅरिबेथ.

गुडघा कसा आहे? काळजी कमी कर, मीही कमी करते.

रविवारी सकाळी मॅरिबेथ आमचं बर्फाचं फावडं मागून घेऊन गेली.

तुझी,
लोरेन