यादीतलं चौदावं नाव

१६ जानेवारी १९७१, शनिवार

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर आज पहिल्यांदा वही उघडली. तीन महिने एक ओळ नाही. माफी मागायची तर कोणाची? वेळ नव्हता हे खोटं. भीती वाटत होती, आणि लिहिली की ती पक्की होते असं वाटायचं. म्हणून गप्प.

आज लिहिते कारण सकाळ चांगली गेली. लेकवर धुकं. खालच्या मजल्यावरच्या दत्तांच्या लावण्यदी आणि मी. त्या शाळेत भूगोल शिकवतात, आमच्या तळ्याभोवतीच्या फेरीला विषुववृत्त म्हणतात. "चला, सुमती, विषुववृत्त पुरं करू, मग शेंगा." शेंगा गरम होत्या. बोटी बाहेर निघाल्या होत्या. येताना मिठाईवाल्याकडे नव्या खजुरी गुळाचे संदेश. दुकानाची फळी अर्धी खाली, वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं. परवा पुढच्या चौकात बॉम्ब फुटला. तरी आठ वाजता संदेश संपत आले होते. आम्ही शेवटचे सहा घेतले आणि चोरून आणल्यासारखं हसलो.

गल्लीत मुलांनी बॅडमिंटनचं जाळं बांधलंय. जाळ्याच्या मागच्या भिंतीवर रात्रीत नवी घोषणा, डांबराने. मुलं तिच्याकडे पाठ करून खेळतात.

मला हा मोहल्ला आवडतो. नागपूरला इतकी कधी पायी फिरले नव्हते. आवडतो हे कबूल करायलाच भीती वाटते हल्ली.

१७ जाने., रवि.

काल एक गोष्ट लिहिली नाही. मुद्दाम.

गुरुवारी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन खाली गेले. दार उघडायला फार वेळ लागला. लावण्यदींच्या मागे, आतल्या खोलीच्या पडद्याशी, रुणू. त्यांची मुलगी. एम.एस्सी.ला होती. पूजेपासून जमशेदपूरला मावशीकडे आहे असं सगळ्यांना सांगितलंय, मलाही. केस कानापर्यंत कापलेले, गाल बसलेले. मला पाहून लपायच्या ऐवजी पुढेच आली. "काकीमा, माझा लाडू?" दोन खाल्ले. उभ्यानेच.

लावण्यदींनी माझं मनगट धरलं. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही काही पाहिलं नाही." मी म्हटलं, नाही पाहिलं.

यांना सांगितलेलं नाही. हे सरकारी नोकर, खिदिरपूरला कस्टम्समध्ये. यांना माहीत नसलेलंच बरं. की माझ्याच्याने खोटं बोलवतं हे यांना कळू नये म्हणून?

पोलिसांपासून लपलीय एवढं उघड आहे; रुणूने काय केलंय, ठाऊक नाही. नुसती पत्रकं वाटली की आणखी काही? पूजेच्या आधी आमच्या चौकातला ट्रॅफिकचा शिपाई मारला गेला. त्याच्या बायकोला मी भाजीबाजारात पाहिलंय. हे दोन विचार एका डोक्यात मावत नाहीत. लाडू खाणारी रुणू मात्र मावते.

२१ जाने., गुरु.

हळदीकुंकू ठरलं. शुक्रवार, २९. हे म्हणाले, "या दिवसांत?" मी म्हटलं, दुपारी तीन ते पाच, सगळ्या याच इमारतीतल्या आणि गल्लीतल्या. नंदा म्हणाली, "आई, मी सगळ्यांना पाणी खायला देणार." पंधरा वर्षांची झाली तरी पाणी खातेच. बंगालीत खातात म्हणून.

वाण काय लुटायचं यावर आठवडाभर डोकं लढवलं. शेवटी बाजाराच्या गल्लीतले नंदीबाबू, शंखाच्या बांगड्या करतात ते. त्यांच्या दुकानात अर्धा तास कसा गेला कळलं नाही. ओल्या शंखाचा वास, पायाखाली पांढरी भुकटी, करवतीचा बारीक आवाज. शंखाचे छोटे करंडे दाखवले, बोटभर उंचीचे. "बउदि," मला वहिनीच म्हणतात ते, "नाव कोरून देऊ? झाकणावर. प्रत्येकीचं वेगळं." मला इतका आनंद झाला! असं वाण कोणी दिलं नसेल. शनिवारी न्यायला या म्हणाले.

मला बंगाली बोलता येतं, लिहिता नाही. म्हणाले, तुमच्या अक्षरात लिहा, कोणाकडून तरी वाचून घेईन. तिथेच स्टुलावर बसून यादी केली. घरवार, मजलावार, बाईमागे बाई. एकही राहू नये. नागपूरला आई एकदा एका घरची धाकटी सून विसरली होती, ती बाई दोन वर्षं बोलली नाही. मी प्रत्येक दार डोळ्यांपुढे आणलं आणि आत कोण कोण, ते लिहिलं. चौदा झाली. नंदीबाबूंनी कागद कामाच्या पाटावरच्या खिळ्याला टोचला.

येताना शंखाच्या चुऱ्याने चपला पांढऱ्या. फार बरं वाटत होतं.

२२ जाने., शुक्र.

पहाटे जाग आली ती आकडे मोजत. वरचा मजला तीन. आमच्या मजल्यावर दोन. खाली दत्तांकडे दोन.

दोन.

लावण्यदी, आणि रुणू. मी लिहिलं. माझ्या हाताने, मजल्याच्या आकड्यासकट. घरात दिसली म्हणून यादीत आली. विचार असा केलाच नाही. शेवटी एक नजर फिरवली, दत्तांच्या ओळीत एकच दिसलं, अरेच्चा ही राहिली, म्हणून चौदावं नाव.

नऊला धावत गेले. दुकान बंद. फळ्यांना कुलूप. पलीकडचा पानवाला म्हणाला, काल संध्याकाळी चौकात बॉम्बची फेकाफेक झाली, नंदीबाबू बंद करून हावड्याला लेकीकडे गेले. कधी येतील? "वातावरण बघून, बउदि."

फळ्यांच्या फटीतून पाहिलं. खिळा दिसतो. कागद दिसतो. वाचता येत नाही.

एकच धीर : देवनागरी आहे. त्या गल्लीत कोण वाचणार?

२३ जाने., शनि.

दुकान बंदच. समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस. तपकिरी स्वेटर, बुटांना पॉलिश. आठवडाभर तिथेच बसतो म्हणे. पानवाला त्याच्याकडे न बघता पान लावतो, यावरून सगळ्यांनी ओळखलंय, साध्या वेषातला पोलीस असावा. मी फटीतून डोकावत होते हे त्याने पाहिलं. काय करावं सुचेना, चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं केलं.

लेकवर लावण्यदी भेटल्या. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "आज धुकं कमी आहे." त्या म्हणाल्या, "हो, पलीकडचा काठ दिसतोय."

मला रुणूची भीती वाटते आहे की यांच्या नोकरीची? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचं ठरवलं. उत्तर आलं : तू मूर्ख ठरशील याची. हे सगळ्यात वाईट.

२५ जाने., सोम.

नंदीबाबू आले. मी गेले तेव्हा करवत चालू होती आणि बाकावर तो तपकिरी स्वेटर, हातात चहाचं मातीचं भांडं. नंदीबाबूंची पाठ ताठ. नेहमी गाणं गुणगुणतात, आज नाही.

मी म्हटलं, यादी जरा द्या, एका नावाचं चुकलंय.

"कोणतं, बउदि?" मोठ्याने.

बघते, म्हटलं. त्यांनी खिळ्यावरून कागद काढून दिला. मग म्हणाले, आणि म्हणताना करवतीकडेच बघत होते, "आता काळजी नको. तुमची अक्षरं मला येत नव्हती. या बाबूंनी आज सकाळी वाचून दिली सगळी. मी बंगालीत उतरवून घेतली."

तो माणूस हसला. चांगलं, सभ्य हसला. हिंदीत म्हणाला, "मेरी पढ़ाई पटना में हुई. फार पद्धतशीर लिहिता तुम्ही. मजलासुद्धा." मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. त्याने विचारलं, कसला समारंभ? मी हळदीकुंकू समजावून सांगितलं! त्याला! घरातल्या प्रत्येक बाईला बोलवायचं असतं, हेसुद्धा.

परत येताना बाजारातून जाताना सगळं नेहमीसारखं होतं. संत्र्यांचे ढीग, फुलकोबी, माशांवर पाणी मारणारे. एक संत्रेवाली हाक मारून थकली. मी थांबले नाही.

यादी जाळली. आता जाळून काय.

ही वहीही यादीच आहे. तीच अक्षरं. तांदळाच्या डब्यात ठेवते आजपासून.

२६ जाने., मंगळ.

सुट्टी. पार्कात झेंडा, मुलांची कवायत, बँड. बंदुकवाले शिपाई मुलांपेक्षा जास्त. नंदा बँडच्या तालावर पाय आपटत होती आणि मी स्वेटर शोधत होते. तीन तपकिरी स्वेटर दिसले. तिघेही दुसरेच.

यांना सांगितलं. सगळं. हे आधी रेडिओ मोठा करायला उठले, मग बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस आणि काही लिहिलं नाहीस."

"पण लिहिलंय."

"सुमती, त्या माणसाला नुसतं एक नाव कळलं. मुलीचं नाव घरच्या यादीत असणारच, त्यात काय? मावशीकडे असली तरी तिचं वाण ठेवतात. असंच समजला असेल."

हे खरं असू शकतं. दिवसभर मी याच वाक्याला धरून आहे.

"आणि नसेल समजला तर?"

"तर त्यांना सांगून काय करशील? ती मुलगी इथून निघून जाईल कुठे? रस्त्यावर? घरात आहे तोवर निदान घरात आहे." आणि मग, "खाली जाऊ नकोस."

हे भित्रे नाहीत. बेचाळीसमध्ये कॉलेजात असताना यांनीही एका मित्राला माळ्यावर लपवलं होतं, स्वतःच सांगतात कौतुकाने. मी ते आठवून दिलं नाही. दिलं असतं तर यांना लागलं असतं, आणि मला यांची परवानगी मिळाली असती. दोन्ही नको होतं.

२७ जाने., बुध.

लेक. लावण्यदी आज वेगळ्याच. शेंगा त्यांनी घेतल्या, मला सोलून दिल्या. हळूच म्हणाल्या, "तिचा ताप गेला. काल भात मागून घेतला. सुमती, चार महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या घरात कोणी भात मागितला." सरस्वतीपूजेनंतर, सोमवारी, तिला बिहारकडे कोणाकडे तरी पोचवायचं ठरलंय. तोवर चार-पाच दिवस. "तुमचा लाडू लागू पडला."

मी शेंग चावत राहिले. आता सांगावं, आता. समोरून बोट गेली, त्यांनी हात हलवला, वल्हवणाऱ्या मुलाने ओळख नसताना हलवला. त्यांना इतकं खुश मी पाहिलं नव्हतं. आणि मी त्या खुशीला धक्का लावला नाही, याला मी मन राखणं म्हणाले. फाटकापर्यंत येईतो कळलं की ते तसं नाही.

दुपारी नंदीबाबूंनी करंडे घरी पाठवले, कापसात बांधून. चौदाही. रुणूचा सगळ्यात सुबक, नावाभोवती एक बारीक वेल. बाकी तेरांवर वेल नाही. हातात घेतला आणि ठेवून दिला. नंदीबाबूंना काय माहीत असावं? त्या दिवशी त्यांची पाठ इतकी ताठ होती. मला इशारा म्हणूनच त्यांनी ते सगळं मोठ्याने सांगितलं का?

२८ जाने., गुरु.

नंदा शाळेतून आली. "आई, खाली एक काकू— म्हणजे बंगालीतले काकू, काका होते. छान बोलले. विचारत होते, तुमच्याकडे उद्या फंक्शन आहे ना."

"कसला स्वेटर?"

"आई, मी स्वेटर कशाला बघू!"

"आणखी काय विचारलं?"

"खालची दीदी येणार का. मी म्हटलं, ती जमशेदपूरला आहे. तर म्हणाले, अच्छा, मग तिचं गिफ्ट कोण घेणार?" नंदा हसत होती. तिला गंमत वाटली.

म्हणजे हे म्हणतात तसं तो समजलेला नाही. किंवा समजलाय आणि खात्री करून घेतोय. मला आता धरायला वाक्य उरलं नाही.

पाच वाजता खाली गेले. यांना सांगून गेले. यांनी नंदाला आत बोलावून अभ्यासाला बसवलं. दार दत्तबाबूंनी उघडलं. बैठकीत त्यांच्या जुन्या ऑफिसातले दोघे, चहा, निवडणुकीच्या गप्पा. लावण्यदी ट्रे घेऊन उभ्या, चेहरा पांढरा. दोघांपैकी कोणाला माहीत आहे, कोणाला नाही, मला काय ठाऊक? "विरजण आहे का थोडं?" म्हटलं. त्यांनी वाटीत दिलं. वाटी देताना त्यांचे डोळे विचारत होते, काय? मी म्हटलं, उद्या तीनला नक्की या.

आता साडेसात. पाहुणे गेल्याचा आवाज आला, मग त्यांची कडी. सातनंतर त्या दारावर थाप पडली की आत काय होतं ते मला माहीत आहे. एकदा चुकून केरोसीनवाल्याने उशिरा वाजवलं होतं, वर आमच्यापर्यंत भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. म्हणून आत्ता जात नाही. हे खरं कारण आहे की सोयीचं? अठरा पायऱ्या आहेत. दोन्ही असेल.

सांगितलं तर रुणू रात्रीत निघेल, ताप उतरून दोनच दिवस झालेत. तिला कोणी वाटेत धरलं तर तेही माझ्या सांगण्यामुळे. नाही सांगितलं तर माझ्या न सांगण्यामुळे. पण घर त्यांचं, मुलगी त्यांची. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि त्यासाठी त्यांना माझी चूक माहीत हवी. इतकं सरळ आहे. आठवडा लागला.

लावण्यदी परत कधी लेकवर माझ्याबरोबर येणार नाहीत.

उद्या : पहाटे, दूधवाला यायच्या आधी, खाली जाऊन लावण्यदींना सांगणे.