काळ्या पट्ट्यातलं गाव

१४ मे १९८९
जीप भाड्यानं लागली! साऱ्या देशाचे हवापाण्याचे आणि मातीचे पट्टे पाडायला निघालेत. कुठं काय पेरायचं, सरकारनं कुठं काय द्यायचं, ते त्यावरून ठरणार. आमच्या भागाला एक साहेब आणि एक नकाशा. ड्रायव्हरला कान असतात हे मागं बसलेल्यांच्या ध्यानात येत नाही. आज साहेब सोबतच्या मदतनिसाला म्हणाले, "मुरमाड पट्ट्याला पाझर तलाव, बांधबंदिस्ती. काळ्या पट्ट्याला नुसतं बियाणं."

म्हणजे आमच्या गावाला तलाव! राणीसावरगावच्या अलीकडं सगळा माळच. नांगर धरला की ठिणग्या. सारजाअक्का आणि आसाराम दाजी दरसाल ऊसतोडीला जातात, पोरगी नर्मदा मागं म्हातारीपाशी. स्टिअरिंग हातात येईपर्यंत मीही ऊसच तोडला. पाणी आलं तर बहीण घरी राहील.

१७ मे
उद्या आपलं गाव. साहेबांना म्हणालो, आमच्याकडं माती न्हाई, नुसती दगडं. हसले. "माती बघायला गावागणिक एकच खड्डा घेतो आम्ही. जागा गावानं दाखवायची."

१८ मे
वाटोळं!

साहेब पोचले तेव्हा दाजीच्या ओसरीवर पाहुणे. झरीचे आश्रुबा, पोरासाठी नर्मदाला बघायला आलेले. साहेबांनी तिथंच विचारलं, "जमीन कशी आहे?" पाहुण्यांदेखत माळ कोण म्हणेल? हलक्या रानातली पोरगी म्हणजे ऊसतोड्याची पोरगी!

दाजी उठले. "लय भारी हाय साहेब. हातभर काळी."

आणि नेलं ओढ्याकाठच्या गाळाच्या पट्टीत. गावात काळी माती तेवढीच! मागून सगळं गाव, माना डोलवत. मी म्हणालो, दाजी, माळावर चला की. "तुमी तुमची गाडी बघा." अक्कानं बाही ओढली. "नागू, पोरीचं जमू दे की रे."

खड्डा खोल गेला. काळा कुळकुळीत. आश्रुबांनी ढेकूळ उचलून फोडलं. पसंत!

परतताना साहेबांना खरं सांगितलं. "खड्डा खोटं बोलत नाही, नागनाथ."

खड्डा कुठला बोलतो? दाखवणारा बोलतो.

१९ मे
शेजारची वाडी. तिथं कुणाकडं पाहुणे नव्हते. दगडाबाई म्हातारीनं तोंड सोडलं — "माती? अवो, मेलेलं माणूस पुरायचं म्हणलं तर सुरुंग लावायलोत आमी!" साहेब पोट धरून हसले. आणि लिहून घेतलं.

२२ मे
सुपारी फुटली. लग्न पुढच्या उन्हाळ्यात. दाजी मिशीत हसायलेत. मी दोन लाडू मागून खाल्ले. रागावलेल्या माणसानं उपाशी राहू नये.

३० सप्टेंबर
परभणीला भिंतीवर नकाशा पाहिला. आमचं गाव काळ्या पट्ट्यात. वाडी मुरमाडात. मधली रेघ अगदी ओढ्यावरून. साहेब केव्हाच पुण्याला. कारकून म्हणाला, "आता रंग बदलायचा म्हणजे वरपर्यंत जावं लागतं." आम्हाला सरकी मिळणार. दगडावर पेरायला!

दाजी म्हणतात, "गाव ऱ्हाऊ द्या. पोरगी तर काळ्या रानात पडली."

४ ऑक्टोबर
वाडीच्या तलावाची आखणी झाली, चुन्याची फक्की मारली. पांढरी रेघ आमच्या माळावरून दिसते.

८ ऑक्टोबर
आश्रुबा आले. मानपानाचं बोलायला असतील म्हणून अक्कानं पुरण घातलं. ताटावर बसलेच नाहीत.

"राग मानू नका आसारामजी. वाडीला तळं व्हायलंय. पोराला तिथली करायलोत. सासऱ्याच्या रानाला पाणी येतंय."

निघताना आश्रुबा समजूत काढायला लागले — "तुमाला काय कमी? तुमची तर काळी जमीन."

दाजींनी मान डोलावली. अजूनही!

१४ ऑक्टोबर
टोळीचा ट्रक आला. दाजी चढले, अक्का चढली, मागून नर्मदा. मी म्हणालो, पोरीला माझ्याकडं ठेवा. तीच बोलली — "लोकांच्या नजरा झेलत बसू का मामा? त्यापरीस ऊस बरा."