शेजारीणबाईंच्या दोरीवरचा रुमाल

प्रिय चिमणे,

वसतिगृहाच्या गच्चीवर आपण दोघी ओली चादर दोन टोकांना धरून पिळायचो, आठवतं? पिळताना हसू यायचं, चादर निसटायची आणि पुन्हा धुवावी लागायची. मग सिस्टर यायच्या नि वाळत घालायचं शास्त्र पहिल्यापासून सुरू: कपडा उलटा, बाहीला बाही, आणि रांग संपली की शेवटी रुमाल, तिरका, एका कोपऱ्यावर टांगलेला. वाक्याला पूर्णविराम, तसा दोरीला रुमाल. तुझे गुडघे कसे आहेत, सूनबाई, नातू कसे आहेत, सगळं विचारायचं आहे, पण विचारायला आज मला तोंड नाही.

मी तुला फोनवर सांगितलं होतं, की डॉक्टरांनी यंदा प्रवासाला साफ मनाई केली आहे. (डॉक्टरांनी फक्त मीठ कमी करायला सांगितलं होतं.) आणि त्याच फोनवर, जाता जाता, आमच्या शेजारीणबाई तुझ्या गावी येणार आहेत, त्यांनी कुठे उतरावं, असंही विचारलं. तू किती मनापासून सांगितलंस! बाजारात नको, गाड्यांचे ब्रेक झोपू देत नाहीत. टेकडीवरचं गेस्टहाऊस छान, पण चढून पोचेपर्यंत परतीचा दिवस उजाडतो. अगदी तळ्याकाठी ओल फार, उशांना वास येतो. तेव्हा पलीकडच्या काठावरचं हॉटेल, वरचा मजला, कोपऱ्याची खोली; सकाळचं ऊन येतं, कपडे वाळतात. आणि शेजारीणबाईंना सांग, काही लागलं तर मी आहेच, असंही म्हणालीस. शेजारीणबाई कोण, हे आता तुला सांगायला नकोच.

पलीकडचा काठ ऐकून मला हायसं वाटलं होतं. तुझ्यापासून लांब! अगं, सपाट गावात जन्म गेलेलं डोकं माझं. डोंगरातल्या तळ्याकाठी लांब म्हणजे समोर, हे बाल्कनीत पाऊल टाकल्यावर कळलं. तुझं निळं दार थेट माझ्याकडे बघत होतं. आमचे हे खुशीत म्हणाले, "ते बघ, तिची बाग! हाक मारू का?" मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. फिरायला निघताना मी स्कार्फ आणि गॉगल लावायची, आणि हे मागून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारायचे, "अगं, चोरासारखी का चालतेस?" नावेत बसले ती तुझ्या घराकडे पाठ करून, त्यामुळे डोंगर सगळे पाठीमागे आणि समोर फक्त नावाडी. (मिश्या चांगल्या आहेत त्याच्या.) एवढा बंदोबस्त करून सकाळी मी काय केलं? ह्यांचा पायजमा, माझा गाऊन नि टॉवेल धुऊन बाल्कनीत वाळत घातले. कसे घालायचे ते हातांनीच ठरवलं, मला विचारलं नाही. उलटे, बाहीला बाही. शेवटी रुमाल. आणि तुझी ती पक्षी बघायची दुर्बीण! (मीच दिली होती, तुझ्या साठीला.)

दुपारी रिसेप्शनवरची मुलगी कापडी पिशवी घेऊन आली. आत लाकडी चिमटे. "समोरच्या टेकडीवरच्या आजी देऊन गेल्या. म्हणाल्या, शेजारीणबाईंना द्या, तळ्यावरचा वारा द्वाड आहे, पायजमा उडेल. आणि रुमाल छान घातलाय म्हणावं."

एवढंच. वर आली नाहीस. टेकडी उतरून, तळ्याला वळसा घालून, त्या गुडघ्यांनी आलीस आणि खालूनच परत गेलीस. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेपर डोळ्यांपुढे धरला. लग्न झाल्यापासून इतका सभ्यपणा त्यांनी प्रथमच दाखवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं; पण तिथे धरणी कुठे, खाली सगळं पाणीच. संध्याकाळच्या गाडीने आम्ही पळालो.

तुझ्याकडे न उतरण्याचं कारण एवढंच, की ह्यांच्या पायांना तुझी टेकडी झेपत नाही, आणि सूनबाईंना उगाच त्रास नको. रागावू नकोस.

तुझी,
ढब्बू

ता. क. वरचं वाचून हे म्हणाले, "माझ्या पायांना का मध्ये ओढतेस?" खरं आहे, त्यांचे पाय ठणठणीत आहेत. दात गेले, चिमणे. माझे. सगळे. नवे बसवलेत, ते दिवसा कोणाला कळत नाहीत, पण झोपताना काढून पाण्यात ठेवावे लागतात. आणि तुझ्याकडे येणं म्हणजे दिवा मालवून, एका पलंगावर, एकीला झोप लागेपर्यंत बोलणं. शाळेच्या सभेत वाचन नेहमी माझं असायचं, माझ्या उच्चारांसाठी, आणि तू पहिल्या रांगेत माझ्याबरोबर ओठ हलवायचीस. त्या ढब्बूचं बोळकं झालंय, हे तुला ऐकवायची लाज वाटली. त्या लाजेपायी तुला टेकडी उतरायला लावली, याची लाज त्याहून मोठी निघाली.

ता. ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या महिन्यात येऊ का? एकटी, तुझ्याकडेच. 'नको' म्हणालीस तरी सोबतचं पार्सल ठेवून घे, वाटणी अशी: शाल सूनबाईंना. विणलेली टोपी नातवाला. लहान झाली तर चहाच्या किटलीला. भरतकामाचे रुमाल त्या रिसेप्शनवरच्या मुलीला, पण स्वतः उतरू नकोस, कोणाबरोबर तरी पाठव. चिमटे निम्मे तुला परत. निम्मे मी ठेवलेत, मागू नकोस. झाकणाचा पेला मात्र कोणालाच द्यायचा नाही. तो पलंगाशी, माझ्या बाजूला ठेव. दिवा मालवल्यावर मी आधी 'शिश्टर' म्हणेन. पोटभर हसून घे, मग पुढचं बोलू.